गोंगाटाची मालकी

रेडिओ केंद्रात त्याला सगळे कलमराव म्हणत. तो केंद्राचा कायदा अधिकारी. साधं 'चहा घेणार का?' विचारलं तरी 'घेईन, पण माझ्या इतर हक्कांना बाधा न येता' असं उत्तर देतो, अशी त्याची ख्याती होती. असं उत्तर त्यानं एकदाच दिलं होतं, तेही गंमत म्हणून. पण गंमत करण्याबद्दल त्याचा लौकिक नसल्यामुळे सगळ्यांनी ते खरंच धरलं. पुढे खुलासा करण्यात अर्थ नव्हता. गमतीचा खुलासा करणारा माणूस आणखीच कलमराव दिसतो.

त्या वर्षी केंद्राला परदेशातल्या एका मोठ्या बैठकीचं बोलावणं आलं. जगभरच्या रेडिओ आणि टीव्हीवाल्यांना नवे हक्क देणारा एक करार तिथं होऊ घातला होता. कलमरावाचे केस काळे होते तेव्हापासून तो होऊ घातला होता. मसुद्याची प्रत त्याच्या टेबलावर इतकी वर्षं पडून होती की तिच्या पहिल्या पानावर कपांची गोल गोल वर्तुळं उमटली होती.

कराराचं म्हणणं साधं होतं. गोष्ट लिहिली त्याचा गोष्टीवर हक्क, गाणं गायलं त्याचा गाण्यावर हक्क, हे जुनंच. आता ज्यानं ते हवेत सोडलं, त्याचाही त्या सोडलेल्या सिग्नलवर स्वतंत्र हक्क. मग ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आणि कुणाच्याच मालकीची नसेना का. पुढची पन्नास वर्षं त्याला विचारल्याशिवाय ते कुणी टिपायचं नाही, साठवायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. पोस्टमननं पत्रावर हक्क सांगावा तसा हा प्रकार आहे, असं कलमरावाला मनातून वाटायचं. पण त्याचा पगार पोस्टमनकडून येत होता.

केंद्राचे संचालक उत्साही गृहस्थ होते. कुठलंही काम निघालं की ते आधी 'मी करतो' म्हणून हात वर करत, मग काम काय ते विचारत.

"नुसती भाषणं नकोत," ते म्हणाले. "तिथं आपण आपला ठेवा ऐकवू. हा असला ठेवा कुणीही उठून टिपतो, विकतो, वाटतो, हे जगाला कळू दे. गोष्टकाका ऐकवू. सभागृह रडलं पाहिजे."

गोष्टकाका म्हणजे केंद्राचे एके काळचे निवेदक. दर गुरुवारी संध्याकाळी ते रेडिओवर एक गोष्ट सांगत. गोष्टी जुन्याच, भुताच्या, चोरांच्या, हरवलेल्या माणसांच्या. पण ऐन मोक्याला ते थांबायचे आणि विचारायचे, "मंडळी, तुम्ही असता तर काय केलं असतं?" मग बराच वेळ गप्प. घराघरांतून लोक श्वास रोखून बसायचे. काका गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली होती, तरी ते वाक्य गावात अजून चालायचं. उधारी मागायला आलेल्या माणसालाही लोक तेच विचारायचे.

तिघं संग्रहात गेले: संचालक, कलमराव आणि ध्वनिमुद्रणाचं काम बघणाऱ्या तंत्रज्ञबाई. संग्रह म्हणजे तळघरातली एक थंड खोली. फळ्यांवर टेपच्या पेट्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीवर सुरेख अक्षरात 'गोष्टकाका' लिहिलेलं. संचालकांनी अभिमानानं एक पेटी काढून दिली. बाईंनी टेप लावली.

"गहू स्थिर," टेप म्हणाली. "तेल किंचित तेजीत."

दुसरी लावली. तेल तिच्यातही तेजीत होतं. तिसरीत मात्र उतरलं.

"हे काय आहे?" संचालक म्हणाले.

"बाजारभाव, सर," बाई म्हणाल्या. त्यांनी हे पूर्वीच्या लोकांकडून ऐकलेलं होतं. "तेव्हा नवी टेप मिळायची मारामार. कार्यक्रम झाला की दर शनिवारी सगळ्या टेपांवरून लोहचुंबक फिरवायचं, पुसायच्या आणि परत वापरायच्या. पेटीवरचं नाव तेवढं तसंच ठेवायचे, चांगलं अक्षर वाया जायला नको म्हणून. शेवटी शेवटी त्यांच्यावर बाजारभाव भरले, आणि ते पुसायचं कुणाला सुचलं नाही."

"सगळ्या टेपा?"

"सगळ्या. जुन्या बाजारभावांचा इतका मोठा संग्रह दुसऱ्या कुणाकडे नसेल, सर."

संचालक पेट्यांकडे बघत राहिले. चोरी होईल म्हणून जगभर बोंब मारायला निघालेल्या माणसाला आपलीच तिजोरी रिकामी सापडली होती, आणि ती आपल्याच माणसांनी दर शनिवारी नेमानं रिकामी केली होती. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. कलमराव शहाणा म्हणूनच प्रसिद्ध होता.

"आमच्या घरी आहेत," तो म्हणाला.

आयुष्यात प्रथमच त्यानं एखादं वाक्य अटीशिवाय उच्चारलं, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

कलमरावाचे वडील घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. भिंतीवर लोकांची घड्याळं टांगलेली, टेबलावर लोकांची घड्याळं पोट उघडून पडलेली. बाबांना गोष्टकाकांचं वेड. गुरुवारी संध्याकाळी ते स्टुलावर चादरीची घडी ठेवायचे, घडीवर टेपरेकॉर्डर, आणि तो रेडिओच्या तोंडासमोर सरकवायचे. रेडिओतून थेट वायर जोडून आवाज घेता येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्यामुळे खोलीला जे ऐकू येईल ते सगळं कॅसेटमध्ये जायचं. म्हणून बाबा आधी भिंतीवरचा एकेक लंबक हातानं थांबवायचे. दाराला लाल फडकं अडकवायचे, म्हणजे आत कुणी यायचं नाही. गोष्ट संपली की लंबक परत सोडायचे. पण घड्याळं पुन्हा लावायचा त्यांना हटकून विसर पडायचा, इतके ते गोष्टीत बुडालेले असत. त्यांच्याकडून दुरुस्त होऊन आलेलं घड्याळ अर्धा तास मागं असतं, हे गावानं स्वीकारलेलं होतं. लोक घरी नेऊन अर्धा तास पुढं करायचे. बाबांचं काम चोख, एवढंच सांगायचे.

घड्याळं थांबवता यायची. आईला थांबवता यायचं नाही.

आई स्वयंपाकघरातून बोलायची. काका म्हणायचे, "मंडळी, तुम्ही असता तर काय केलं असतं?" की आई आतून, "मी मेलं दारच उघडलं नसतं!" काका चोराला विहिरीपाशी आणायचे, की आई, "अहो, पडणार बघा आता हा, लिहून घ्या." मध्येच पातेलं पडायचं, दूध उतू जायचं. बाबा ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" करायचे आणि ते "शूऽऽ"सुद्धा कॅसेटमध्ये जायचं. गोष्ट संपल्यावर बाबा म्हणायचे, "नासवलीस. पुन्हा एक कॅसेट नासवलीस." मग शुक्रवारभर अबोला. कलमरावाचं सगळं बालपण असल्या शुक्रवारांनी भरलेलं होतं. माणसं एकमेकांशी भांडली की समोर कायदा उघडून बसावं, ही सवय त्याला तिथंच लागली असावी.

आई गेल्या वर्षी गेली.

रविवारी कलमराव बाबांच्या घरी गेला तेव्हा बाबा स्टुलासमोर बसून कॅसेट ऐकत होते. तो दारातच थांबला, कारण काहीतरी उलटं चाललं होतं. काका रंगात येऊन सांगत होते, आणि बाबा आवाज बारीक करत होते. काका थांबले की बाबा बटण फिरवून आवाज मोठा करत होते.

"बाबा, उलटं ऐकताय."

"गोष्ट पाठ आहे मला," बाबा म्हणाले. "बस."

तो बसला. काका गप्प झाले. बाबांनी आवाज मोठा केला. खरखर वाढली, आणि त्या खरखरीतून आई म्हणाली, "अहो, ऐकताय ना?"

लगेच मोठ्यानं "शूऽऽ" झालं. बाबांनी टेप थांबवली, मागं घेतली, पुन्हा लावली. अहो, ऐकताय ना. शूऽऽ. पुन्हा मागं.

कलमरावानं खिशातला रुमाल काढला, मग आपण कायदा अधिकारी म्हणून आलो आहोत हे आठवून परत ठेवला. त्याला सगळं सांगावंच लागलं. केंद्राला या कॅसेटी हव्यात. नुसत्या ऐकायला नव्हे, कायमच्या. घरी एकही प्रत राहता कामा नये. ज्यांच्या कायदा अधिकाऱ्याच्या बापाकडेच बिनपरवाना कॅसेटींचा ढीग आहे, त्यांनी परदेशात जाऊन हक्क कुठल्या तोंडानं मागायचे, असा संचालकांचा सवाल होता, आणि सवाल म्हणून तो बिनतोड होता.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांनी पुसलं, मी राखलं, आणि चोर मी?"

"चोर नाही, बाबा. अनधिकृत मुद्रक."

"त्यात कमी काय?"

कलमरावानं खिशातला रुमाल पुन्हा चाचपला.

"आयत्या बिळावर नागोबा," बाबा म्हणाले. "गोष्टी काकांच्याही नव्हत्या. त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलेल्या, तेच म्हणायचे दर वेळी. कॅसेट माझी, यंत्र माझं, वीज माझी. ह्यांचं काय, हवा?"

"सिग्नल."

"बरं." बाबा उठले. कपाटातून कॅसेटींचा पत्र्याचा डबा काढून त्यांनी मुलाच्या मांडीवर ठेवला. "नाही दिल्या तर तुझी नोकरी?"

"तसं काही कुणी म्हटलेलं नाही."

"म्हणत नसतात. घेऊन जा. पोराच्या पोटावर पाय द्यायला का बाप झालो मी?"

चालू असलेली कॅसेटही त्यांनी यंत्रातून काढून डब्यात ठेवली. झाकण नीट बसेना, तर दोन्ही हातांनी दाबून बसवलं. कलमराव डबा घेऊन बाहेर पडला. बापानं भांडायला हवं होतं असं त्याला वाटत राहिलं. भांडले असते तर बाजू मांडता आली असती.

केंद्रात तंत्रज्ञबाईंनी कॅसेटी संगणकावर घेतल्या आणि कानाला हेडफोन लावून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी कलमरावाला बोलावलं.

"सर, ह्यात एक बाई आहेत."

"हो."

"सगळ्या कॅसेटींत आहेत."

"आई आहे माझी."

बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. तेवढ्यात संचालक आत आले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. काकांनी विचारलं, काय केलं असतं, आणि आईनं दार उघडलं नसतं असं सांगितलं.

"हा गोंगाट काढा," संचालक म्हणाले. "सगळा. काका स्वच्छ पाहिजेत."

कलमरावाच्या आईला लोक आयुष्यभर काय काय म्हणाले होते: तोंडाळ, फटकळ, घरातला दुसरा रेडिओ. गोंगाट कुणी म्हटलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

चार दिवसांत काका स्वच्छ झाले. इतके स्वच्छ की ऐकताना अंगावर काटा येईना. "तुम्ही असता तर काय केलं असतं?" असं विचारून काका गप्प व्हायचे, आणि मग नुसती पोकळ शांतता. संचालकांना यंत्र बंद पडलं असं वाटून त्यांनी दोनदा वायर तपासली. शेवटी त्या शांतता कापून छोट्या करायचं ठरलं. काका आता प्रश्न विचारून उत्तराची वाटच बघत नव्हते.

"त्या बाई मधे बोलायच्या ना, तेव्हा बरी वाटायची गोष्ट," तंत्रज्ञबाई म्हणाल्या. मग संचालकांकडे वळून त्यांनी नेहमीचं विचारलं, "सर, काढलेल्याचं काय करू? आवाज वेगळे केले की काढलेला भाग दुसरीकडे जमा होतो. फेकून देऊ?"

"गोंगाट ठेवून काय लोणचं घालायचंय? फेका."

"एक मिनिट, सर," कलमराव म्हणाला. "ते आपल्याला फेकता येणार नाही."

त्यानं वर्तुळं उमटलेला मसुदा उघडला. आवाज नेहमीचाच, कोरडा.

"करारात आपला हक्क कशावर आहे? सिग्नलवर. आपण जे हवेत सोडलं त्यावर. हे आपण सोडलेलं नाही. आपल्या निवेदकाचं नाही, आपल्या स्टुडिओतलं नाही. हे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं आहे. आपल्या ताब्यात आलेली दुसऱ्याची वस्तू आपण नष्ट केली तर उद्या बैठकीत कुणी विचारेल, की तुम्हीच दुसऱ्याचं पुसता, मग..."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलेलं आहे, सर. मला लेखी मत द्यावं लागेल."

कलमरावाचं लेखी मत ही केंद्रात पावसात न भिजणारी, आगीत न जळणारी वस्तू समजली जाई. ते एकदा आलं की निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नसे. संचालकांनी कपाळाला हात लावला.

"बरं, मग करा काय करायचं ते. पण काकांवरचे सगळे हक्क आपले. स्पष्ट लिहा."

कलमरावानं स्पष्ट लिहिलं. मूळ सिग्नल आणि त्यावरचे सर्व हक्क केंद्राचे. त्यातून वेगळा काढलेला गोंगाट, म्हणजे बोलणं, पुटपुटणं, भांड्यांचे आवाज आणि गप्प बसवण्याचे आवाज धरून, त्याच्या सर्व प्रती आणि त्यापासून उद्भवणारे सर्व हक्क घड्याळ दुरुस्त करणाऱ्या सदर गृहस्थांचे, कायमचे.

"कायमचे?" संचालकांनी वाचता वाचता विचारलं. "आपल्याला पन्नासच वर्षं, आणि त्यांना कायमचे?"

"गोंगाटाला करारानं मुदत घातलेली नाही, सर."

संचालकांनी मसुदा उलटून पाहिला. खरंच घातलेली नव्हती. त्यांनी सही केली आणि स्वच्छ काकांना घेऊन ते विमानात बसले.

बैठकीहून ते खुशीत परतले. करार झाला का? नाही. त्यावर पुढच्या वेळी पुन्हा बोलायचं असा ठराव झाला, आणि तो एकमतानं झाला. काका ऐकवले का? हो, ऐकवले. सभागृह रडलं नाही. एका छोट्या देशाच्या बाईंनी मात्र विचारलं, की फार छान, पण हे जपून कुणी ठेवलं होतं?

"मग तुम्ही काय सांगितलंत?" कलमरावानं विचारलं.

"एका श्रोत्यानं, म्हटलं. तर त्या म्हणाल्या, तुमच्या परवानगीनं का? तेवढ्यात चहाची वेळ झाली." संचालकांनी कोट काढून खुर्चीला अडकवला. "एकंदरीत वातावरण अनुकूल आहे."

बाबांकडे कॅसेटचं तेवढं एकच यंत्र होतं, म्हणून तंत्रज्ञबाईंनी तो गोंगाट पुन्हा कॅसेटवर भरून दिला. वेष्टनावर काय लिहायचं ते त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी नुसतं 'आई' लिहिलं.

कलमराव कॅसेट घेऊन गेला. बाबा टेबलाशी एका घड्याळाचं पोट उघडून बसले होते. घड्याळ बहुधा कधीच दुरुस्त झालं होतं. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, कॅसेटवरचं अक्षर वाचलं आणि ती यंत्रात घातली.

बराच वेळ काहीच नाही. मग पातेलं पडलं. मग आई म्हणाली, "मी मेलं दारच उघडलं नसतं!"

पुन्हा शांतता.

"काका कुठायत?" बाबांनी विचारलं.

"काका केंद्राचे, बाबा. तुमच्या वाट्याला गोंगाट आलाय."

बाबा मान कलती करून ऐकत राहिले. "पडणार बघा आता हा, लिहून घ्या," आई म्हणाली. थोड्या वेळानं, "बघा! मी म्हटलं नव्हतं?" मग भांडी लावल्याचा आवाज. मग, अगदी जवळून, जणू दारात येऊन उभी राहिली होती, "तुमचा चहा झाकून ठेवलाय हो." काका नव्हते, चोर नव्हता, विहीर नव्हती. एक बाई घरात वावरत होती आणि एकाच माणसाशी बोलत होती. आणि तो माणूस दर वेळी "शूऽऽ" म्हणत होता.

"मला वाटायचं, ही रेडिओशी बोलते," बाबा म्हणाले.

कलमरावाला बाजू मांडण्यासारखं इथं काही नव्हतं.

कॅसेट संपली. बाबांनी ती सुरुवातीपर्यंत मागं घेतली, पण लावली नाही. ते उठले. भिंतीवरच्या एकेका घड्याळाचा लंबक त्यांनी हातानं थांबवला. कपाटातून लाल फडकं काढून बाहेर दाराला अडकवलं, दार लोटून घेतलं आणि स्टुलासमोर येऊन बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मग बटण दाबलं.

आई बोलत होती आणि बाबा तिला उत्तरं देत होते. हळू, थोडं अडखळत, सवय नसल्यासारखं. हो, पडणार आहे. हो, म्हटलं होतंस तू. घेतो चहा. दोघांच्या मध्ये दर खेपेला ते जुनं "शूऽऽ" येत होतं, आणि आता ते कापता येणार नव्हतं, कारण तेही सही झालेल्या कागदाप्रमाणे बाबांच्याच मालकीचं होतं.

"अहो, ऐकताय ना?" आई म्हणाली.

"ऐकतोय, ऐकतोय," बाबा घाईघाईनं म्हणाले, शूऽऽ यायच्या आत.